जर्मनी की कॅनडा? आधी मुख्य अर्जदार कोण ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. वय बत्तीस, चाकणला मेकॅनिकल डिझाइनमध्ये नऊ वर्षं. बायको बीएस्सी नर्सिंग झालेली, सध्या आयसीयूत ड्युटी करते. मुलगी चार वर्षांची. आईवडील तासगावला, द्राक्षबाग आहे. ऑफिसातले दोघं जर्मनीला गेले, चुलतभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला, मेव्हणा दुबईत. तुम्ही एक्सेलमध्ये सहा देश घेतलेत, पगार, कर, हवामान, शाळा, वंशद्वेष असे रकाने पाडून गुण दिलेत, तरी कौल लागत नाही. म्हणून विचारताय, की लोक नेमकं कशावरून एक देश धरतात आणि बाकीचे सोडतात?

मी एकोणीस वर्षं पुण्यात परदेशी जाणाऱ्यांच्या फायली करते. कागदपत्रं, अटेस्टेशन, भाषांतरं, गेल्यावर घर मिळेपर्यंतची मदत. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याचा शेवटचा शब्द माझा धरू नका. पण तुमच्यासारखे तक्ते मी पुष्कळ पाहिलेत. एकाने चौदा रकाने केले होते, प्रत्येकाला वेगळं वजन. त्यात न्यूझीलंड पहिलं आलं. पठ्ठ्या गेला कॅनडात मिसिसागाला, कारण इंजिनिअरिंगचा रूममेट फोनवर म्हणाला, "ये रे, हॉलमध्ये गादी टाकतो."

खरं तर तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. लोक देश कसा निवडतात हा एक, आणि लोक तिथे टिकतात कशामुळे हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमच्या तक्त्यात अर्धंच आहे. दुसऱ्याचं तर मुळीच नाही, आणि स्थायिक व्हायचं असेल तर काम त्याच्याशीच आहे.

आधी माझी एक चूक सांगते. 2020 चा नोव्हेंबर. कोथरूडचं एक जोडपं, कॅनडाची एक्सप्रेस एंट्री, म्हणजे वय, शिक्षण, भाषा यांना गुण देऊन कायमचं राहायला बोलावण्याची पद्धत. त्यांचे गुण 471 होत होते, आणि कटऑफ त्या महिन्यात 470 च्या अलीकडेपलीकडे खेळत होता. मी म्हटलं, घाई नको, जानेवारीत बायकोनेही आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊ दे, आठदहा गुण वाढतील, मग निवांत प्रोफाइल टाकू. 23 डिसेंबरची फेरी झाली आणि त्यानंतर कॅनडाबाहेरून थेट अर्ज करणाऱ्या त्यांच्यासारख्यांना बोलावणंच थांबलं. साधारण दीड वर्ष. जुलै 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं तेव्हा कटऑफ 557. तोवर नवऱ्याचे वयाचे गुण कमी झाले होते आणि त्याच्या कंपनीने त्याला श्टुटगार्टला पाठवलंही होतं. आज ते तिथेच आहेत, छान आहेत. गेल्या दिवाळीत आले तेव्हा माझ्यासमोरच कुणाला तरी सांगत होते, "आम्ही जर्मनी निवडली, कारण मुलांचं शिक्षण फुकट आणि संध्याकाळ आपली असते." मी गप्प बसले. तो खोटं बोलत नव्हता. राहिल्यावर ती कारणं खरी झाली. पण निवड झाली होती ती माझ्या चुकीमुळे आणि ओटावातल्या, म्हणजे कॅनडा सरकारच्या, एका निर्णयामुळे.

म्हणून तुमच्या सहकाऱ्यांना "का गेलात?" विचारलंत की जे उत्तर मिळतं, ते बहुतेक वेळा मागाहून जुळवलेलं असतं. त्यापेक्षा "त्या वर्षी आणखी कुठे अर्ज केला होता, आणि तिथे काय झालं?" हे विचारा. खरी हकिगत तिथून बाहेर येते.

दार कुठल्या वर्षी कुठलं उघडं होतं, याला किती वजन असतं त्याचं एक उदाहरण. 2000 साली जर्मनीने संगणकवाल्यांसाठी स्वतःचं 'ग्रीन कार्ड' काढलं. 20,000 जागा, जास्तीत जास्त पाच वर्षं, पुढचं काही नक्की नाही. त्याच सुमाराला अमेरिकेने एच-वनबी या नोकरीच्या व्हिसाची 65,000 ची वार्षिक मर्यादा वाढवत नेली आणि 2001 ते 2003 साठी ती 1,95,000 केली. आपली मुलं कुठे गेली ते सांगायला नको. प्रत्येक सोसायटीत एक सॅन होजेवाला आणि एक न्यू जर्सीवाला झाला. आता तेच दोन देश पाहा. अमेरिकेत नोकरीवरची ग्रीन कार्डं, म्हणजे कायमचे परवाने, वर्षाला साधारण 1,40,000, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. भारतीयांची रांग इतकी लांबली की 2025 मध्येही ईबी-टू या उच्चशिक्षितांच्या गटात भारतीयांचा नंबर 2013 च्या आसपासच्या अर्जांपाशीच घुटमळत होता. बापाचा नंबर लागायच्या आत मुलगा एकवीसचा होतो आणि अर्जातून बाहेर पडतो. त्यावर 2025 च्या सप्टेंबरात नव्या एच-वनबी अर्जांसाठी 1,00,000 डॉलरचं शुल्क जाहीर झालं. उलट जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे पदवीधरांच्या नोकरीच्या परवान्यावर, बी-वन (मध्यम) पातळीची भाषा असेल तर 21 महिन्यांत, नुसती ए-वन (सुरुवातीची) असेल तर 27 महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो. पगाराची अट आहे, 2025 साठी ती वर्षाला 48,300 युरो होती, तुटवड्याच्या व्यवसायांना त्याहून कमी. अमेरिकेतला पगार आजही जास्तच आहे. पण पगाराचा आकडा आणि 'इथे राहू शकतो' हा भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पोरंबाळं असलेला माणूस दुसरीला जास्त भाव देतो.

दार बंद होण्याचा परिणामही दर वेळी सरळ होत नाही. जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. आले, कमावलं, परत गेले, पुन्हा आले, असं चालायचं. 1973 मध्ये भरती थांबवली. तेव्हा तिथे असलेल्यांना कळलं, की आता गावी गेलो तर परत घेणार नाहीत. मग अनेकांनी जाण्याऐवजी बायकापोरांना बोलावून घेतलं. पाहुणे म्हणून आणलेले लोक दार लावल्यामुळे घरचे झाले. कॅनडाने 2024 पासून विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि पीआरची, म्हणजे कायमच्या रहिवासाची, उद्दिष्टंही खाली आणली, तेव्हा तुमच्या चुलतभावासारख्यांची जी धावपळ झाली ती याच जातीची. "पीआर हातात पडेपर्यंत भारतात यायचं नाही," असं तिथल्या कितीतरी पोरांनी ठरवून टाकलं. बहिणीच्या लग्नालाही आली नाहीत.

दुसरी गोष्ट ओळखीची. ती तक्त्यात मांडायला लोकांना लाज वाटते, म्हणून कोणी मांडत नाही. मडगावला माझे एक व्यवसायबंधू आहेत, त्यांच्याकडचा मामला यासाठी फार बोलका आहे. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. हजारोंनी लिस्बनमध्ये जन्मनोंदी करून घेतल्या. पण पासपोर्ट पोर्तुगालचा आणि माणूस कुठे? इंग्लंडमधल्या स्विंडनला! पोर्तुगालमध्ये पगार कमी, भाषा आजोबांना यायची, नातवाला येत नाही. नातू शिकला इंग्रजीतून. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होतं, त्यामुळे त्या पासपोर्टवर तिथे मुक्त प्रवेश होता. पण मग सगळा देश सोडून स्विंडनच का? लंडनपेक्षा भाडं कमी, गोदामांत आणि कारखान्यांत लगेच काम, आणि मुख्य म्हणजे आधी गेलेला गावचा माणूस तिथे होता. एकाने खोली दिली, त्याने दुसऱ्याला दिली. पुढे मासळी मिळू लागली, चर्चमध्ये कोकणीतून मिस्सा (प्रार्थना) होऊ लागली. 31 डिसेंबर 2020 ला ब्रेक्झिटने ती वाट बंद केली, पण तोवर गेलेले राहिले.

यात कमीपणा काही नाही. पहिल्या तीन महिन्यांत घरमालक, बँक, मुलीची शाळा, डॉक्टर या सगळ्यांना विचारणारा माणूस तुम्ही असता आणि उत्तर माहीत असलेला माणूस दुसरा कोणीतरी असतो. तो ओळखीचा असला की हजारो रुपये आणि शेकडो फेऱ्या वाचतात. एक धोका मात्र लक्षात ठेवा. ओळखीचा माणूस त्याच्या वर्षीचे नियम सांगतो. "मी तर डिप्लोमावर गेलो, तूही ये," म्हणणारा चुलतभाऊ मनापासून बोलत असतो, पण तो दरवाजा आता तसा राहिलेला नसतो.

दुबईचा रकाना तुमच्या तक्त्यातून काढूनच टाका. वाईट म्हणून नव्हे, तो वेगळ्या तक्त्यातला आहे. आयकर नाही, मुंबईहून तीन-सव्वातीन तासांचं विमान, सोबतीला मराठी मंडळं. कमावायला उत्तम. रत्नागिरी, चिपळूण, खेडकडच्या कितीतरी घरांनी गल्फच्या पैशावर गावात माड्या बांधल्या. पण गल्फमधला राहण्याचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीला बांधलेला असतो, नागरिकत्व जवळजवळ अशक्य. मोजक्या लोकांना नोकरीला न बांधलेला गोल्डन व्हिसा मिळतो, ती गोष्ट निराळी. मुलगी नववी-दहावीत गेली की दुबईतून मला फोन येऊ लागतात, "मॅडम, कॅनडाचं काही होईल का?" तेव्हा वय बेचाळीस झालेलं असतं आणि वयाचे बहुतेक गुण गेलेले असतात. तुमच्या मेव्हण्याला हे जरूर विचारा, पण चारचौघांत नको.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बायकोबद्दल त्यात एकच ओळ आहे. सगळा तक्ता डिझाइन इंजिनिअरच्या पगाराचा आहे. म्हणजे मुख्य अर्जदार तुम्ही आणि ती 'डिपेंडंट', हे तुम्ही प्रश्न सुरू व्हायच्या आधीच ठरवून टाकलंत. माझ्या टेबलावर ही फाइल आली असती तर मी आधी तिचे कागद उघडले असते.

आयसीयूचा अनुभव असलेली नर्स ही आज जवळपास सगळ्या श्रीमंत देशांना हवी आहे. तिथली माणसं म्हातारी होतायत. तिच्यापुढची अट भाषेची आणि नोंदणीची. जर्मनीत साधारण बी-टूपर्यंत, म्हणजे बी-वनच्या वरच्या पातळीपर्यंत, जर्मन लागतं. मग तिथल्या राज्याचं कार्यालय तिच्या अभ्यासक्रमाचे तास मोजतं, थिअरी किती, वॉर्डातली ड्युटी किती, कुठल्या विभागात किती. कमी भरले तर तसं लेखी कळवतं, आणि मग एकतर ठरावीक काळ तिथल्या हॉस्पिटलात पूरक प्रशिक्षण किंवा एक परीक्षा. हा काळ तिला बहुतेक वेळा एकटीने काढावा लागतो, नवरा आणि मूल मागाहून जातं. चार वर्षांची मुलगी असताना हे सोपं नाही, मला कल्पना आहे. पण नंतर तुम्ही तिचे 'डिपेंडंट' म्हणून गेलात तरी जर्मनीत तुम्हाला काम करायला पूर्ण मुभा असते. कॅनडाने 2023 पासून आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या, त्यांत नर्सचा कटऑफ सर्वसाधारण फेरीपेक्षा पुष्कळ खाली आलेला आहे. तिथे नर्सिंगचा परवाना प्रांताप्रांताचा वेगळा, आणि पीआर मिळाली म्हणजे परवाना मिळाला असं नाही. चार पैसे जास्त मागणाऱ्या एजंटाने हे दोन्ही एकच असल्यासारखं सांगितलं तर तिथून उठा.

हे मी एवढं ताणून का सांगतेय? परत आलेल्यांच्या फायली माझ्याकडे आहेत म्हणून. म्युनिकला गेलेला एक सॉफ्टवेअरवाला, पगार उत्तम, बायको इथे कोर्टात वकिली करणारी. तिची पदवी तिथे चालेना. ती तीन वर्षं मुलाला बालवाडीत सोडायची, आणायची, आणि खिडकीत बसायची. चौथ्या वर्षी दोघं परत आले. अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वनबीच्या आधारावर, गेलेल्या बायकांचं तेच व्हायचं. 2015 मध्ये त्यांतल्या काहींना कामाचा परवाना मिळू लागला तेव्हा कुठे घरं सावरली. माझ्या अनुभवात पगार कमी पडला म्हणून परत आलेला माणूस विरळा. जोडीदाराला काम नाही किंवा इकडे आईवडिलांचं दुखणं, या दोन कारणांनी लोक परत येतात.

आईवडिलांचा रकानाही तुमच्या तक्त्यात नाही. कॅनडात सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर, ते एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, विमा आणि तुमचं उत्पन्न दाखवावं लागतं. ऑस्ट्रेलियात आईवडिलांना कायमचं न्यायचं तर लवकरच्या वाटेला माणशी चाळीस हजार डॉलरहून जास्त शुल्क आहे, स्वस्त वाटेला इतकी लांब रांग की तिचा विचार करू नये. ब्रिटनमध्ये 2012 नंतर ती वाट नावापुरतीच उरली. जर्मनीत मार्च 2024 पासून कुशल कामगारांसाठी कागदावर सोय झाली आहे, पण म्हाताऱ्या माणसाचा आरोग्यविमा मिळवताना गाडी अडते. आणि तुमच्या आईवडिलांना बाग सोडून यायचंय का, हे कोणी विचारलंय?

जतकडची एक आजी नातवाबरोबर माझ्याकडे आली होती. नातू तासभर जर्मनी, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया करत होता. आजी पदर सावरून बसलेली. शेवटी तिने एकच विचारलं, "मयताला याचं झालं तर किती येळ लागंल?" खोलीत कोणी बोलेना. त्या मुलाने पुढे दुबई घेतली. तुम्हीही तेच करावं असं मी म्हणत नाही. पण तिच्या प्रश्नाला त्याच्या एक्सेलमध्ये जागा नव्हती, आणि निर्णय त्यावरच झाला.

बागेवरून आणखी एक. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिकडचा पासपोर्ट घेतलात की इकडचा जमा करायचा. 2022 या एका वर्षात 2,25,620 लोकांनी तो सोडला. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळतं, येण्याजाण्याला अडचण नाही, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र राहते. म्हणजे सातबाऱ्यावर तुमचं नाव वारसाने लागेल, पण शेजारचा तुकडा विकायला निघाला तर तुम्ही घेऊ शकणार नाही. तासगावच्या माणसाला ही बाब छोटी नाही, म्हणून वडिलांशी आधी बोला. पीआरवर राहून पासपोर्ट भारताचाच ठेवणारेही पुष्कळ आहेत.

हवामानाबद्दल: सगळे बोलतात, त्यावरून ठरवलेला माणूस मी पाहिलेला नाही. वंशद्वेषाला तुम्ही देशवार गुण दिलेत, पण तो देशवार नसतो. एकाच शहरात एका शाळेत मुलगी रमते, दुसऱ्या शाळेतून रडत येते. तिथे राहणाऱ्या बायकांना विचारा, पुरुषांना नको. पुरुष 'सगळं मस्त' म्हणतात.

तुमच्या जागी मी असते तर आत्ता हे केलं असतं. ऑस्ट्रेलियाच्या गुणांत वय 25 ते 32 ला 30 गुण आहेत, तेहतिसावा वाढदिवस झाला की 25. कॅनडात तिशीनंतर दर वर्षी साधारण पाच गुण गळतात. त्यामुळे तक्ता बंद करा आणि कॅलेंडर उघडा. दोघांनीही इंग्रजीची परीक्षा द्या. कॅनडासाठी ऐकण्यात 8 आणि बाकी तिन्हींत 7 आले तर उडी मोठी पडते. आणि त्याच महिन्यात तिने जर्मनच्या ए-वन वर्गात नाव घालावं. पुण्यात त्याची वाण नाही. तीन महिन्यांत कळेल, की ही भाषा तिला झेपते की नाही. ते कळेपर्यंत देश ठरवू नका.

कागदांचं काम मात्र आजच सुरू करा, कारण देश कुठलाही असला तरी ते लागणारच. तिच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असणार. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. परदेशातल्या टेबलामागच्या माणसाला या तीन वेगळ्या बायका दिसतात. लग्नाचा दाखला हवा, तोही तालुक्याचा स्पष्ट शिक्का असलेला, आणि गरज पडली तर नाव बदलल्याचं राजपत्र. मग राज्याचं अटेस्टेशन, मग अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा केंद्राचा शिक्का. यात सहज दोन-तीन महिने जातात, आणि वयाचे गुण तेवढा वेळ थांबत नाहीत.

आता मला दोन गोष्टी कळवा. तुमचा तेहतिसावा वाढदिवस कधी आहे? आणि त्या सहा देशांपैकी बायकोने स्वतःहून कुठल्याचं नाव घेतलंय का? तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही.